शनिवारची भेट

(दृश्य: कुटुंब न्यायालयातली मुलांची खोली. भिंतीवर कार्टून, कोपऱ्यात खेळणी.)

आईवडिलांचा ताब्याचा दावा सुरू असताना मुलाच्या भेटी पुष्कळदा अशाच एखाद्या खोलीत होतात. दुसरीतला एक मुलगा बाबांबरोबर ठोकळे रचत बसलाय. बाबांनी काहीतरी गंमत केली, त्याला हसू फुटलं, आणि लगेच त्यानं दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर आई आहे. आपलं हसणं तिला ऐकू गेलं असेल का?

घरी जाताना आई विचारते, "काय म्हणत होते?" पुढच्या शनिवारी बाबा विचारतात, "आई माझ्याबद्दल काय बोलते?" दोघांनाही एकच उत्तर मिळतं, "काही नाही."

सात वर्षांचं पोर इतकं सांभाळून बोलायला लागलं, की त्याला शहाणं म्हणून मोकळं होऊ नये. ते घाबरलेलं असतं.

(दृश्य: वकिलाच्या टेबलावर फायलींचा गठ्ठा.)

कायदा मुलाच्याच बाजूचा आहे. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींत मुलाचं हित पाहायला सांगितलंय. मूल समजतं असेल तर त्याची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. पण तारखांमागून तारखा पडत जातात, आणि तोवर घरातली प्रत्येक गोष्ट पुरावा होऊन बसते. प्रगतिपुस्तक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं.

शुक्रवारी रात्री मुलाच्या पोटात दुखायला लागतं. तपासण्यांत काही सापडत नाही. आई म्हणते, त्याला बाबांकडे जायचंच नाहीये. बाबा म्हणतात, तिनंच पढवलंय. पोटदुखी मात्र खरी असते. बाबांना भेटायचं असतं, आईला दुखवायचं नसतं, आणि हे दोन्ही एकदम सांगता येईल असं त्याच्याजवळ माणूसच नसतं. मग कुणी अंथरूण ओलं करायला लागतं, कुणाचं वर्गात लक्ष लागत नाही, कुणी विनाकारण चिडतं. आपण हट्ट केला म्हणून हे भांडण झालं, असं लहान मुलांना मनापासून वाटत असतं.

वेगळं होणं मुलांना दुखावतंच. पण त्याहून खोल जखम करतं ते आईवडिलांचं चालूच राहणारं भांडण, आणि त्यात मुलाला मधे उभं करणं. मानसशास्त्रातल्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा कल हाच आहे. मुलाचं मन एका पालकाविरुद्ध कलुषित केल्यानं काय होतं, याची दखल सर्वोच्च न्यायालयानं 2017 च्या एका निकालात घेतली. 2020 च्या दुसऱ्या निकालात, मुलाला आई आणि वडील दोघांचाही सहवास हवा असतो, असं सांगत प्रत्यक्ष भेटीबरोबर व्हिडिओ कॉलचाही आग्रह धरला.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायलाच हवी. घरात मारहाण किंवा अत्याचार असेल, तर मुलाची भीती ही पढवलेली म्हणून झटकून टाकायची नाही. तिथे आधी सुरक्षितता.

(दृश्य: शाळेचं फाटक. सुटीची वेळ.)

बाकीच्या घरांत मोठ्यांच्या हातात बरंच काही असतं. निरोप मुलाकरवी न धाडता एकमेकांना सरळ मेसेज करता येतो. पोटगीचं, वकिलाचं बोलणं मूल झोपल्यावर करता येतं. भेट रद्द झाली, तर ती का झाली, पुढची कधी, हे त्याच संध्याकाळी त्याला सांगता येतं. वर्गशिक्षकांना थोडी कल्पना देता येते. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि मूल भेटीहून परत आलं, की चौकशीऐवजी त्याला जेवायला वाढून एवढं म्हणता येतं, "बाबांबरोबर मजा आली ना? मला बरं वाटलं."