मुलाच्या हाती देण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

मोबाइलवर अॅपचं दुकान उघडून 'लहान मुलांचे खेळ' असं शोधलं, की रंगीत चौकोनांच्या रांगाच्या रांगा समोर येतात. त्यांतल्या बऱ्याच अॅपवर 'शैक्षणिक' असं लिहिलेलं असतं आणि वयाच्या जागी '३+' असा आकडा असतो. या दोन खुणांवर विसंबून अॅप घेऊ नका. 'शैक्षणिक' हा खण अॅप बनवणाराच निवडतो. आणि '३+' म्हणजे एवढंच, की आत मारामारी, शिवीगाळ, अश्लील असं काही नाही. साध्या गणकयंत्राच्या अॅपलाही '३+'च मिळतं. तीन वर्षांच्या मुलाला त्यातून काही शिकता येईल, असं तो आकडा सांगत नाही.

म्हणून एकच आग्रह धरतो. मुलाच्या हाती देण्याआधी ते अॅप पंधरा मिनिटं तुमच्या हाती असू द्या. ही पंधरा मिनिटं कशी वापरायची, ते बघू.

पण त्याआधी वय. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, तर अॅप निवडायची गरजच नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सचा सल्ला असा आहे, की दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एका तासाचीच मर्यादा सांगितली आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं, असंही म्हटलं. यात सगळे पडदे धरायचे, टीव्हीसुद्धा. नाशिकच्या आजीनं न्यू जर्सीतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं यात मोडत नाही. तिथं समोर माणूस असतं आणि ते बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देतं.

दोन वर्षांच्या आत का नको, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या वयाच्या मुलाला पडद्यावरची गोष्ट खऱ्या जगात आणता येत नाही. पंधरा महिन्यांच्या मुलांवर अमेरिकेत प्रयोग झाले. पडद्यावरच्या खेळण्याचं बटण कसं दाबायचं ते पाहून मुलं पडद्यावर दाबायला शिकली, पण तेच खेळणं खरोखर समोर ठेवलं तर अडखळली. मोठ्या मुलांमध्येही ही दरी एकदम बुजत नाही. ती कशी बुजवायची, ते पुढे येईलच.

आता दुकानातलं पान. 'इन्स्टॉल' बटणाच्या आसपास बारीक अक्षरांत दोन ओळी असतात: 'कंटेन्स अॅड्स' म्हणजे जाहिराती आहेत, आणि 'इन-अॅप पर्चेसेस' म्हणजे आत गेल्यावर पैसे मागितले जातील. दोन्ही ओळी असतील, तर ते अॅप मी मुलाला देणार नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ अॅप तपासली होती, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के अॅपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात निघाली. जाहिरात म्हणजे फक्त मध्येच येणारा व्हिडिओ नव्हे. फुकटच्या चार खेळण्यांच्या शेजारी कुलूप लावलेली वीस चमकदार खेळणी मांडून ठेवणं हीसुद्धा जाहिरातच, आणि मूल नेमकं त्या कुलपावरच बोट ठेवतं. काही खेळांत तर मूल खेळ सोडायला गेलं, की आतलं अस्वल रडायला लागतं. तीन वर्षांच्या मुलाला ते रडणं खरं वाटतं, म्हणून ते परत आत जातं. एकदाच पैसे भरून मिळणारं, जाहिरात नसलेलं अॅप यापेक्षा केव्हाही बरं.

तारे मोजू नका. अभिप्राय 'नवे आधी' असे लावा आणि दोन-तीन तारे देणाऱ्यांचं वाचा. जाहिरात कुठे येते, पैसे कसे कापले गेले, आवाज कधी बंद पडतो, हे तिथं सापडतं. शेवटचं अपडेट कधी झालं तेही बघा; वर्षानुवर्षं हात न लावलेलं अॅप नव्या फोनवर मध्येच बंद पडतं आणि मूल चिडतं ते आपल्यावर. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून अॅपची फाइल कधीच उतरवू नका.

आता ती पंधरा मिनिटं.

अॅप उतरवलं, की आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून ते उघडा. इंटरनेटशिवाय चालत असेल तर उत्तम. गावाला जाताना गाडीत चालेल आणि नव्या जाहिराती ओढून आणणार नाही. मग इंटरनेट चालू करून पुन्हा खेळा आणि दोन्हींत काय फरक पडतो ते बघा.

त्यानंतर पडद्याकडे न बघता कुठेही बोट टोचत राहा, एक मिनिटभर. तरीही 'शाब्बास!' ऐकू आलं, फुगे उडाले, पुढची पायरी उघडली, तर त्या अॅपमध्ये विचार करायची गरज नाही. तीन चित्रांपैकी एक निवडायचं असेल आणि चुकलं तरी काहीच बिघडत नसेल, तर मूल तिन्हीवर भराभर बोट मारतं आणि पुढे जातं. आईबाबांना वाटतं, वाघ ओळखला. त्यानं फक्त तिसऱ्यांदा बोट मारलेलं असतं.

मग मुद्दाम चुका करा, लागोपाठ पाच. चुकीच्या उत्तराला काय होतं ते ऐका. काही अॅपमध्ये बरोबर उत्तराला साधी घंटी वाजते आणि चुकीच्या उत्तराला बेडूक धपकन पडतो. मुलाला बेडूक आवडतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा चूकच करतं. चांगलं अॅप चुकीनंतर मदत करतं: तीन आंबे पुन्हा एकेक करून मोजून दाखवतं किंवा पर्याय तीनाचे दोन करतं. मोठा 'भॉक' आवाज करून लाल फुली मारणारं अॅप या वयाला नको.

आता बटणं बघा. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला टिचकी मारता येते, पण चित्र बोटाखाली धरून ओढत नेणं कठीण जातं, ते मध्येच सुटतं. दोन बोटांनी मोठं करणं, दोनदा पटपट टिचकी मारणं हे त्याहून उशिरा जमतं. बटण साधारण दोन सेंटीमीटर रुंद हवं. शिवाय लहान मूल फोन धरताना तळवा खालच्या कडेवर टेकवतं, तेव्हा बटणं किंवा जाहिरातीची पट्टी अगदी खाली असेल तर ती न मागता दाबली जाते. 'खेळ बिघडला' म्हणून मूल रडतं, त्यामागे पुष्कळदा हा तळवाच असतो.

शेवटी आवाज पूर्ण बंद करून दोन मिनिटं खेळा आणि स्वतःला विचारा: मी शेजारी बसलो, तर मला बोलायला जागा आहे का? काही अॅपमध्ये गाणं थांबतच नाही, प्रत्येक झाड आणि ढग दाबल्यावर वाजतो. गोष्टीच्या अॅपमध्ये असं असेल, तर मूल ढगच वाजवत बसतं आणि गोष्ट हरवते. जिथं एका पानावर थांबता येतं, 'ससा कुठे लपला असेल?' असं विचारता येतं, ते अॅप घ्या.

मराठी अॅपबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथं फसगत जास्त होते. बरीच 'मराठी बाराखडी' अॅप आधी हिंदीत बनवलेली असतात आणि वरची पाटी तेवढी बदललेली असते. ओळखायचं कसं? 'ळ' शोधा. बाळ, डोळा, केळं, फळ, शाळा, म्हणजे लहान मुलाचं निम्मं जग 'ळ'मध्ये आहे. तोच गायब असेल किंवा 'ल' म्हणून वाजत असेल, तर अॅप काढून टाका. मग 'ज्ञ' दाबा. 'द्न्य' ऐकू यायला हवं. 'ग्य' आलं तर आवाज हिंदीचा आहे. 'ऋ'चा उच्चार 'रु' हवा, 'रि' नको. 'चमचा' आणि 'चंद्र' यांतले 'च' वेगळे वाजतात का ते ऐका. यंत्राचा आवाज इथं हमखास घसरतो, आणि मूल तर जे ऐकेल तेच उचलतं. अक्षरांचं वळणही बघा: पाकळीचा 'ल' आणि शेंडीचा 'श' आपले, हिंदीतले वेगळे दिसतात.

शब्दसुद्धा तपासा. जुन्या तक्त्यांतले एडका आणि ऐरण अजूनही अॅपमध्ये येतात. शहरातल्या तीन वर्षांच्या मुलानं यांतलं काहीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते एका अनोळखी खुणेला दुसरं अनोळखी चित्र जोडतं. वाटी, चप्पल, मांजर, पाऊस असे घरातले शब्द असतील, तर अॅप बंद केल्यावरही ते शब्द मुलाला भेटत राहतात.

आणि अक्षर गिरवण्याची अॅप. ती घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे, निदान पाच वर्षांपर्यंत तरी. काचेवर बोट घसरतं, त्याला कसलाच अडथळा लागत नाही. बोटाखाली रेघ झाकली जाते. आणि खूपशा अॅपमध्ये रेघ कुठूनही सुरू केली तरी चालते. हाताला चुकीची सवय लागते. आपल्याकडे धुळपाटी होती, ती याहून कितीतरी चांगली. स्टीलच्या ताटात अर्धी वाटी रवा पसरा, पातळ थर करा आणि मुलाला बोटानं गोल, आडवी, उभी रेघ काढू द्या. रवा बोटाला कुरकुरतो, रेघ मागे राहते, ताट हलवलं की पुसली जाते.

मोजण्याच्या अॅपमध्ये फरक करा. एक ते शंभर म्हणून दाखवणारं अॅप पाठांतर करून घेतं. 'टोपलीत चार पेरू ठेव' असं सांगणारं अॅप मोजायला लावतं. पण ते चार पेरू पडद्यावरच राहू द्यायचे नाहीत, सुरुवातीला सांगितलेली दरी इथंच बुजवायची. अॅप बंद केल्यावर लगेच, त्याच बैठकीत, चार चिंचोके मुलाच्या तळहातावर मोजून घ्या. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दगड, शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंमधूनच बालवाडीची साधनं उभी केली. ती हातात धरता येतात, ओंजळीत भरता येतात. काचेला ते जमत नाही.

काही नावं सांगतो. 'खान अकॅडमी किड्स' हे दोन ते आठ वर्षांसाठीचं अॅप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. मात्र ते इंग्रजीत आहे, म्हणून शेजारी बसून मराठीत बोलणारं कुणी हवं. मराठी गोष्टींसाठी 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीविव्हर' २०१५ पासून आहे. तिथं मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात. पहिल्या पातळीपासून सुरू करा. पानावर एकदोन ओळीच असतात. प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारं 'स्क्रॅच ज्युनिअर' पाच ते सात वर्षांसाठी आहे, चार वर्षांच्या मुलावर लादू नका.

आणि फोनमध्ये आधीच असलेली दोन अॅप विसरू नका: कॅमेरा आणि आवाज टिपणारा रेकॉर्डर. चार वर्षांच्या मुलाला सांगा, घरातल्या पाच लाल वस्तूंचे फोटो काढ. मग दोघं मिळून ते फोटो बघा आणि नावं घ्या. किंवा पाच आवाज टिपा: कुकरची शिट्टी, कावळा, नळाचं पाणी, आजीची हाक, दाराची कडी. बाबा घरी आले की ओळखायला लावा. या खेळात मूल पडद्यापेक्षा घरात जास्त फिरतं.

फोन देताना तीन कुलपं लावा. पहिलं कुलूप अॅपचं, म्हणजे मुलाला त्या अॅपमधून बाहेर पडता येऊ नये यासाठी. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग सिक्युरिटी, तिथं अॅप पिनिंग चालू करा आणि 'काढताना पिन विचारा' हेही चालू ठेवा. फोनफोनवर नाव थोडं बदलतं, शोधपट्टीत 'पिन' लिहिलं की सापडतं. आयफोन, आयपॅडवर सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, गाइडेड अॅक्सेस. तिथं पडद्याच्या एखाद्या भागाभोवती बोटानं वर्तुळ काढलं, की तो भाग दाबला जात नाही, त्यामुळे तळव्याची अडचण सुटते. दुसरं कुलूप पैशाचं: प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख पटवणं सक्तीचं करा. 'सात दिवस फुकट' घेतलं असेल, तर फक्त अॅप उडवून भागत नाही, वर्गणी चालूच राहते. ती प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. तिसरं परवानग्यांचं: रंग भरायच्या अॅपला तुमचं ठिकाण आणि संपर्कयादी कशाला हवी? नाकारा. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूद आहे, पण परवानगीच्या चौकटीवर बोट ठेवणारे आपणच असतो.

वेळेबद्दल एवढंच, की एक बैठक पंधरा-वीस मिनिटांची पुरे. जेवताना नको, झोपण्याआधीच्या तासात नको. बंद करताना 'पाच मिनिटं राहिली' असं सांगू नका, तीन वर्षांच्या मुलाला मिनिट कळत नाही. 'अजून दोन चित्रं, मग तू स्वतः बंद करायचं' असं सांगा आणि खरंच त्याच्याच बोटानं बंद करू द्या. ज्या अॅपमध्ये 'दोन चित्रं' मोजताच येत नाहीत, जिथं एक संपायच्या आत दुसरं आपोआप सुरू होतं, ते अॅप तिथल्या तिथं काढून टाका. फोनमध्ये एका वेळी मुलाची तीन अॅप असली तरी भरपूर झालं. महिन्यानं बघा, कुठल्या अॅपमधला शब्द किंवा खेळ मूल फोन नसताना वापरतंय. ते ठेवा, बाकीची बदला.