पायलटच्या आधीची सही

(दृश्य: वर्कबेंच. वायरचं टोक, क्रिम्पिंग टूल, एका मुलीचे हात.)

पिन क्रिम्प झाली, म्हणजे टूलनं दाबून वायरवर घट्ट बसली, की वायर ओढून बघायची. हलली, तर कापायची आणि पुन्हा पहिल्यापासून. वायर सोलताना आतल्या एखाद्या बारीक तारेला काप गेला, तरी तेच. सर रागावत नाहीत, नुसता कटर पुढे सरकवतात.

छत्रपती संभाजीनगरातलं हे वर्कशॉप. शिकणारी मुलं जालना, बीड, परभणीकडची. विषय आहे एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स: रेडिओ, ऑटोपायलट, रडारला विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर, कॉकपिटमधले सगळे डिस्प्ले. पुढचं लक्ष्य डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, बी-टू लायसन्स. या यंत्रणांचं काम झालं, की लायसन्सवाल्याची सही लागते. ती होईपर्यंत विमान जागचं हलत नाही, मग कॅप्टन कितीही अनुभवी असू दे.

आपल्याकडे दहावीला चांगले मार्क पडले की पोरगं लातूरला क्लासला जातं. विमानाचं नाव काढलं, तर घरातून एकच प्रश्न येतो, "पायलट होणार का?" पायलट जरूर व्हा. पण ही सही करणारी माणसंही याच भागातून मोठ्या संख्येनं तयार व्हायला हवीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला असेल, तर ही वाट खुली आहे.

(दृश्य: विमानाच्या पंखाखालची बोटभर नळी. तिच्यावरचं कव्हर, त्याला लोंबणारी लाल पट्टी.)

ही पिटो ट्यूब. समोरून येणारी हवा हिच्या तोंडात शिरते आणि दाब वाढतो. विमानाच्या अंगावर बाजूला बारीक भोकं असतात, ती स्टॅटिक पोर्ट. तिथे बाहेरच्या स्थिर हवेचा दाब मिळतो. या दोन दाबांतल्या फरकावरून वेग कळतो. नळी बुजली की काटा खोटं बोलायला लागतो.

गोठ्याच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीत मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं बिर्गेनएअर या विमान कंपनीचं बोईंग 757 समुद्रात कोसळलं. 189 माणसं गेली. त्याआधी ते विमान बरेच दिवस उभं होतं, आणि पिटो ट्यूबवर कव्हर लावलेलं नव्हतं. तपासात सगळ्यात जास्त संशय आला तो नळीत मातीचं घर करणाऱ्या अशाच एका माशीवर. कॅप्टनसमोरचा काटा वेग वाढतोय असं दाखवत राहिला, आणि प्रत्यक्षात विमान मंदावत गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेरूमध्ये विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली. त्या विमानातले 70 जण परत आले नाहीत.

म्हणून इथे कव्हर काढलं की मोजून ठेवलं जातं. टेस्ट सेट नळीला जोडून आत ठरावीक दाब द्यायचा, काटा किती दाखवतो ते वहीत लिहायचं, पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचं. दाब काही वेळ तसाच धरून ठेवायचा. उतरत गेला, तर कुठेतरी गळती आहे. कंटाळवाणं काम आहे. चांगला टेक्निशियन कोण, ते इथेच कळतं.

(दृश्य: चिकलठाणा विमानतळाची भिंत, बाहेर वाहता रस्ता.)

विमानाच्या उड्डाणातला एकेक क्षण किती मोलाचा, हे या शहराला माहीत आहे. 26 एप्रिल 1993. इंडियन एअरलाइन्सच्या विमानानं चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून उचल घेतली, पण उशिरा. बीड रोडवरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला ते धडकलं. 118 पैकी 55 जणांचा जीव गेला. नाक उचलायला झालेला उशीर आणि उड्डाणाच्या वेळी न अडवलेली रस्त्यावरची वाहतूक, अशी दोन्ही कारणं चौकशीत पुढे आली.

उडायला शिकताना इथलं ऊनही अभ्यासाचा विषय होतं. हवा तापली की पातळ होते. मग पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि धावपट्टी जास्त लागते. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर. मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला, की हिशेबानं विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. हे गणित विद्यार्थ्यानं उड्डाणाआधी कागदावर मांडायचं असतं.

(दृश्य: ट्रेनर विमान, विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर हूड.)

उडायला शिकायचं तर इथल्या मुलांना बारामती, शिरपूर, गोंदिया, जळगाव गाठावं लागतं. कमर्शियल लायसन्सला 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. आणि किमान 10 तास फक्त काट्यांवर. हूड लावलं की बाहेरचं काही दिसत नाही. विमान एकसारखं वळत राहिलं, तर थोड्या वेळात कानातला तोल सांगतो की आपण सरळ चाललोय. शरीर ठामपणे सांगतं आणि ते चूक असतं. इन्स्ट्रक्टर म्हणतो, "काट्याकडे बघ." त्या काट्यामागे कुणीतरी वायर ओढून बघितलेली असते, दाब धरून पाहिलेला असतो. हवेत त्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही, भरवसा मात्र त्याच्यावरच असतो.

परीक्षेचं सांगायचं, तर बी-टूच्या पेपरांना 75 टक्के लागतात, पायलटच्या पेपरांना 70. पायलटच्या शिक्षणाचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो, म्हणून एक काम सगळ्यात आधी करा: डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल. कमर्शियलला पुढे क्लास वन लागतं. डोळे, कान, रंग ओळखणं, सगळं तिथे तपासलं जातं. फी भरण्याआधी, शेत गहाण टाकायचा विषय घरात निघण्याआधी तो रिपोर्ट हातात असू द्या.