डॅलसचा बोर्ड: पहिल्या फेरीतला खेळाडू कसा ठरतो

(पत्रकार परिषद. मालकांच्या हातात कागद.)

अमेरिकन फुटबॉलमधील डॅलस काउबॉइज या संघाची ही पत्रकार परिषद 28 एप्रिल 2022 च्या रात्रीची आहे. टल्सा विद्यापीठाच्या टायलर स्मिथला संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत, एकूण 24 व्या क्रमांकावर घेतले आहे, आणि हा खेळाडू आमच्या यादीत याहून बराच वर होता हे पटवून देण्याच्या भरात मालक जेरी जोन्स यांनी ती यादीच कॅमेऱ्यासमोर धरली. प्रत्येक संघ जी यादी जिवापाड जपतो, ती अशी उघड झाली. लोकांनी चित्र मोठे करून नावे वाचून काढली. स्मिथचा क्रमांक 16 वा होता.

हा क्रमांक त्या रात्री ठरलेला नव्हता. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील 32 संघ दरवर्षी एप्रिलच्या सुमारास महाविद्यालयीन खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत करतात आणि आदल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याची पाळी सर्वांत आधी येते. आयपीएलसारखा हा लिलाव नव्हे. येथे बोली लागत नाही. आपली पाळी येईपर्यंत कोण उरेल हे कुणाच्याच हाती नसल्यामुळे, उरलेल्यांपैकी कोणाला आधी उचलायचे एवढेच संघाला आधी ठरवून ठेवता येते. त्या ठरवलेल्या क्रमालाच बोर्ड म्हणतात.

(जुनी कृष्णधवल दृश्ये. संगणक, छिद्रे पाडलेली कार्डे.)

बोर्डाला आजची शिस्त लावण्यात डॅलसचा वाटा मोठा आहे, आणि त्यात एका भारतीयाचा हात आहे ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. संघ 1960 मध्ये स्थापन झाला. त्याचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम पूर्वी सीबीएस वाहिनीत होते आणि त्याच वर्षीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आयबीएमचे संगणक निकालांची जुळणी कशी करतात हे त्यांनी पाहिले होते. खेळाडू पारखण्यासाठी हेच यंत्र का वापरू नये, या त्यांच्या प्रश्नावर काम करायला आयबीएमच्या उपकंपनीतून जे संख्याशास्त्रज्ञ आले, ते अलीगढला शिकलेले सलाम कुरेशी. कुरेशींना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकन फुटबॉल नव्हे, आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडले. प्रशिक्षक ‘पोरगा चपळ आहे’ असे म्हणाले, की चपळ म्हणजे नेमके काय, हे विचारण्याचा संकोच त्यांना नव्हता. प्रशिक्षकांनी आणि स्काउटांनी (खेळाडू हेरणाऱ्या माणसांनी) सांगितलेल्या शेकडो गुणांतून गाळून अखेर पाच उरले: चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, झुंजार वृत्ती, बुद्धीची तत्परता, आणि ताकद व स्फोटकता. स्काउटप्रमुख गिल ब्रँट यांच्या माणसांनी भरलेले तक्ते यंत्रात जाऊ लागले. पुढे 1966 ते 1985 अशी सलग 20 वर्षे या संघाने हरलेल्या सामन्यांपेक्षा अधिक सामने जिंकले.

तक्ते भरणाऱ्या स्काउटचे काम आजही तेच आहे. त्याच्या वाट्याला देशाचा एखादा विभाग येतो आणि हंगाम सुरू झाला की तो एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गाडी हाकत राहतो. सकाळी अंधाऱ्या खोलीत तो सामन्यांची चित्रफीत पुढे-मागे करून पाहतो आणि दुपारी सरावाच्या कडेला उभा राहतो. मधल्या वेळात तो प्रशिक्षकांशी बोलतोच, शिवाय दुखापतींवर उपचार करणारे, सामानाची खोली सांभाळणारे आणि अभ्यासाकडे लक्ष देणारे यांनाही गाठतो, कारण कॅमेरा नसताना खेळाडू कसा वागतो हे त्यांनाच माहीत असते. टायलर स्मिथच्या नावावर पेनल्टी, म्हणजे नियमभंगाच्या शिक्षा, भरपूर होत्या. त्या ताकद कमी पडल्याने झाल्या की हात चुकीच्या जागी पडल्याने, हे चित्रफितीतूनच कळते, आणि दुसरा दोष शिकवून जाण्यासारखा असतो.

(इंडियानापोलिस. मोजमापाची रांग.)

1987 पासून देशभरातले 300 हून अधिक निमंत्रित खेळाडू दरवर्षी इंडियानापोलिस येथे मोजमाप व तपासणीच्या मेळाव्यासाठी एकत्र येतात. पडद्यावर पाहा: अर्धी चड्डी घातलेला खेळाडू टेबलावर पंजा ताणून ठेवतो आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजली जाते. मग हाताची लांबी, वजन, उंच उडी, 225 पौंडांचा भार किती वेळा उचलता येतो, आणि सर्वांत गाजणारी 40 यार्डांची धाव. झेवियर वर्दीने 2024 मध्ये ती 4.21 सेकंदांत पूर्ण केली, तो येथील विक्रम ठरला. आकडे कामाचे आहेत, पण स्काउटच्या नोंदीशी ते जुळले नाहीत तर पुन्हा चित्रफितीकडेच वळावे लागते. एमिट स्मिथला घड्याळाने मंद ठरवले होते. डॅलसने 1990 मध्ये त्याला 17 व्या क्रमांकावर घेतले आणि निवृत्त होईपर्यंत त्याने चेंडू घेऊन धावत 18,355 यार्ड मिळवले.

संध्याकाळच्या मुलाखतीत खेळाडूला त्याच्याच चुकलेल्या खेळीची चित्रफीत दाखवतात आणि त्या वेळी कोणाची काय जबाबदारी होती ते विचारतात. सहकाऱ्यावर ढकलणारे उत्तरही लिहून घेतले जाते.

हा मेळावा मुळात वैद्यकीय तपासणीसाठी सुरू झाला, पण त्या खोल्यांत कॅमेऱ्याला प्रवेश नाही. जेलन स्मिथच्या गुडघ्याला 1 जानेवारी 2016 रोजी गंभीर इजा झाली आणि पायाच्या नसेलाही मार बसला. अनेक संघांनी त्याला यादीत खाली ढकलले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर डॅलस संघाचेच असल्याने काउबॉइजनी दुसऱ्या फेरीत, 34 व्या क्रमांकावर, त्याला घेतले. पहिले वर्ष तो खेळला नाही, 2019 च्या हंगामात प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यापर्यंत, पोहोचला आणि 2021 मध्ये त्याला सोडण्यात आले.

(निवडीची खोली. भिंतीवर नावे.)

एप्रिलमध्ये डॅलसच्या विल मॅक्ले यांच्यासारखे खेळाडू-निवडीचे प्रमुख, स्काउट आणि प्रशिक्षक एकेका नावावर भांडतात. पहिल्या फेरीत 32 खेळाडू जातात, परंतु त्या तोलाची श्रेणी बहुतेक बोर्डांवर साधारण 15 ते 20 जणांनाच मिळते. बाकीच्या जागी दुसऱ्या फेरीच्या तोलाची माणसे पहिल्या फेरीच्या पगारावर येतात. दुसऱ्या संघाशी पाळीची अदलाबदल करताना पूर्वी डॅलसनेच बनवलेला तक्ता समोर असे, ज्यात पहिल्या क्रमांकाला 3,000 गुण आणि दुसऱ्याला 2,600 होते. नाव ठरले की फोन लागतो.

(फोनवर बोलणारा खेळाडू, आई-वडील. येथे निवेदन नाही.)

2011 पासून पहिल्या फेरीतल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो आणि पाचवे वर्ष द्यायचे की नाही हे संघ तिसऱ्या हंगामानंतर ठरवतो. 2017 मध्ये 28 व्या क्रमांकावर घेतलेल्या टॅको चार्लटनच्या बाबतीत तो प्रश्न आलाच नाही: डॅलसने त्याला 2019 च्या सप्टेंबरमध्ये सोडले, आणि त्याच्यानंतर दोनच क्रमांकांनी पिट्सबर्गने घेतलेला टी. जे. वॉट तोपर्यंत प्रो बोलमध्ये खेळून आला होता.