रात्री हॅमरहेड कुठे जातो?

(दृश्य: निळं पाणी. कॅमेरा खालून वर बघतो आहे.)

हे कोकोस बेट. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यापासून साधारण ५५० किलोमीटर आत, प्रशांत महासागरात. वर बघा. शेकडो हॅमरहेड शार्क एकाच दिशेने संथ चालले आहेत. शिकारीची गडबड नाही, घाई नाही.

ही जात स्कॅलप्ड हॅमरहेड. डोक्याच्या पुढच्या कडेला खाचा असतात, त्यावरून ओळखायची. थव्यात बहुतेक माद्या. थोराड माद्या मधली जागा धरतात आणि लहानींना डोकं झटकत कडेला रेटतात.

(दृश्य: डोकं अगदी जवळून.)

हातोड्यासारख्या आडव्या डोक्याच्या पार टोकाला डोळा आहे. दोन डोळे एकमेकांपासून इतके लांब असताना समोरचं नीट दिसत असेल का? २००९ मध्ये संशोधकांनी हे मोजून पाहिलं. दोन्ही डोळ्यांची नजर समोर ३२ अंशांच्या पट्ट्यात जुळते, म्हणजे भक्ष्य किती लांब आहे याचा अंदाज त्याला चांगला येतो. खालच्या बाजूची ती बारीक छिद्रंही बघून ठेवा. वाळूत दडून बसलेल्या पाकटाच्या शरीरातली क्षीण वीज त्यांना जाणवते.

दिवस मावळला की थवा पांगतो. एकेक शार्क खुल्या समुद्राकडे निघतो, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट तिथे घडते.

हवाईत संशोधक मार्क रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शार्कच्या अंगावर तापमान नोंदवणारी उपकरणं लावली. वरचं पाणी २६ अंशांच्या आसपास. रात्री शार्क सूर मारतो तो ८०० मीटरच्याही खाली, जिथे पाणी जेमतेम ५ अंश. मासा थंड रक्ताचा, त्यात कल्ल्यांतून उष्णता झपाट्याने निघून जाते. तो गारठायलाच हवा. पण स्नायू खालपर्यंत उबदार राहिले! गार पडले ते वर येताना, वाटेत. २०२३ मध्ये त्यांनी मांडलेलं उत्तर असं: खाली जाताना हा शार्क कल्ल्यांच्या फटी मिटून घेतो. मासा श्वास रोखून धरतो. उष्णता आत राहते, तेवढ्यात माकुलासारखं भक्ष्य गाठायचं आणि वर परतायचं. टांझानियाजवळ हजार मीटरहून खोल टिपलेल्या एका चित्रफितीतही कल्ले मिटलेला हॅमरहेड दिसतो.

म्हणूनच दिवसा थवा दिसतो तेवढं बेट राखून भागत नाही. रात्रीची शिकार बाहेर असते, आणि कोकोस ते इक्वेडोरची गॅलापागोस बेटं असा प्रवासही हे शार्क करतात. त्या वाटेवर लांब दोरांचे गळ टाकलेले असतात. गळाला लागलेला हॅमरहेड फार वेळ तग धरत नाही. पोहणं थांबलं की कल्ल्यांतून पाणी खेळत नाही. पिल्लं जन्मतात ती किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही ती इतर मुशींबरोबर जाळ्यात येतात. ही जात आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

(दृश्य: नकाशा. गॅलापागोस, कोकोस, मधला समुद्र.)

जानेवारी २०२२ मध्ये इक्वेडोरने गॅलापागोसपासून कोकोसच्या दिशेने ६०,००० चौरस किलोमीटरचं हेर्मानदाद अभयारण्य घोषित केलं. त्याच्या अर्ध्या भागात मासेमारी पूर्ण बंद आहे. उरलेल्या अर्ध्यात लांब दोरांच्या गळांना मनाई आहे.