फोकस स्टॅकिंग करताना लॅपटॉप मध्येच बंद का पडतो?

नमस्कार मंडळी. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम सुरू झाला, की साताऱ्यातील फोटोग्राफर मित्र दरवर्षी एकच तक्रार घेऊन येतात. फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो बनवण्याचे काम, लावून ठेवले, पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागला आणि थोड्या वेळाने लॅपटॉप आपोआप बंद पडला.

आधी या कामाचा भार समजून घेऊ. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती मॅक्रो लेन्सने टिपताना एका फोटोत तिचे दोन-चार केसच स्पष्ट येतात, म्हणून फोकस किंचित सरकवत तीस-चाळीस फोटो घ्यावे लागतात. २४ मेगापिक्सेलच्या प्रत्येक फोटोत २ कोटी ४० लाख बिंदू असतात. सॉफ्टवेअर हे सर्व फोटो एकमेकांवर तंतोतंत जुळवते आणि कोणता भाग कोणत्या फोटोत सर्वांत स्पष्ट आहे, हे जागोजागी तपासते. हे काम तुकड्यांत वाटता येत असल्यामुळे प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे त्याचे भाग, एकाच वेळी पूर्ण ताकदीने राबतात. ब्राउझरमध्ये प्रोसेसर क्षणभर धावतो आणि बराच वेळ विसावतो. त्यामुळे ‘एरवी तर लॅपटॉप छान चालतो’ या वाक्यावरून काहीच निदान होत नाही.

लॅपटॉपमधील बहुतेक प्रोसेसरची तापमान-मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती जवळ आली, की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात आणि तो बिघाड नसून बचाव आहे. वेग उतरवूनही तापमान आवरले नाही, तरच लॅपटॉप बंद होतो. सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हवा गार असते. त्या हवेतही असे घडत असेल, तर दोष उन्हाळ्याच्या माथी मारता येत नाही. उष्णता बाहेर नेणारी वाटच बहुधा कुठेतरी तुंबलेली असते.

ही जागा कॅमेऱ्याजवळ आणून दाखवतो. पंखा आणि धातूच्या बारीक पात्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा हा जाड थर बसला आहे. बाहेरून फुंकर मारून तो हलत नाही, त्यासाठी खालचे झाकण उघडावे लागते. हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरा, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. लॅपटॉप बराच जुना असेल, तर प्रोसेसरची उष्णता धातूकडे पोहोचवणारी, पण आता वाळलेली थर्मल पेस्टही त्याच वेळी बदलून घ्यावी.

कूलिंग पॅड विकत घेण्याआधी मात्र एक फुकटचा उपाय करून पाहा, असे माझे स्पष्ट मत आहे. वेग वाढवायचा तर प्रोसेसरला व्होल्टेजही जास्त द्यावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी उष्णता मात्र भरमसाट निर्माण होते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केले, की इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट, म्हणजे वेग तात्पुरता वाढवण्याची सोय, बंद होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तिथे कंपनीच्या ॲपमधील शांत मोड वापरावा. मिनिटभराच्या कामात याचा तोटा जाणवेल. पण तासभर चालणाऱ्या कामात टर्बोचा वेग तसाही टिकत नव्हता, त्यामुळे एकूण वेळेत फारसा फरक पडत नाही.

मे महिन्यातील दुपारी हवाच तापलेली असते. हवा १५ अंशांनी गरम असेल, तर तेवढ्याच भाराला प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो, म्हणून मोठी कामे रात्री लावावीत. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर, मागची बाजू किंचित उचलून ठेवावा. सतत चार्जरवर काम होत असेल, तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी, कारण पूर्ण चार्ज आणि उष्णता यांचा मेळ लिथियम-आयन बॅटरीला लवकर म्हातारे करतो.

चाळीस फोटो एका दमात देण्याऐवजी दहा-बारा फोटोंचे गट करावेत, लगतच्या गटांत दोन-तीन फोटो सामाईक ठेवावेत आणि प्रत्येक गटाचा निकाल टिफ फाइलमध्ये जतन करून शेवटी ते निकाल एकत्र जोडावेत. म्हणजे लॅपटॉप बंद पडलाच, तर तेवढा एकच गट पुन्हा करावा लागेल.