विहिरीतून काढलं, पुढं काय?

(अंबाजोगाई इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विहिरीत पडलेलं कुत्रं बाहेर काढतानाचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनीच पाहिला असेल. आपल्याकडं बिनकठड्याच्या विहिरी पुष्कळ, त्यामुळं आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्याला असे फोन येतच राहतात. काढायची रीत साधी आहे. कमरेला दोर बांधून कुणी आत उतरायचं नाही. भेदरलेलं जनावर जवळ येणाऱ्याला चावतंच. शेतातली बाज घ्यायची, चारही पायांना दोर बांधायचे आणि चौघांनी ती सारखी धरून पाण्यापर्यंत सोडायची. मग आरडाओरडा नको, खडे मारणं नको. पोहून दमलेलं, कपारीला पंजे रोवून बसलेलं कुत्रं जरा वेळानं आपणहून बाजेवर चढतं. वर आलं की श्वास नीट चालू आहे ना बघायचं, उपरण्यानं तोंड हलकं बांधायचं आणि मगच हात लावायचा.

या कामाला गाव धावून येतं. दोर कुणाचा, बाज कुणाची, विचारावं लागत नाही. खरी अडचण त्यानंतरची. माणसं पांगतात, आणि जनावर आमच्या गाडीत बसतं. त्याला घर कुठलं? मी आज बोलायला आलोय ते याच्यासाठी.

निवारा म्हणजे घर नव्हे, हे आधी सांगतो. एका आवारात जितकी जास्त पिल्लं, तितकी पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाची भीती मोठी. उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली की लस न झालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. म्हणून पिल्लाला आठ आठवडे आईजवळ ठेवायचं, लस सुरू करायची आणि लवकरात लवकर चांगल्या दारी द्यायचं, एवढीच आमची धडपड असते.

पण नेतं कोण? नर लगेच जातो. पोत्यात घालून ढाब्यामागं टाकलेल्या पिल्लांत आम्हाला बहुतेक माद्याच सापडतात. ‘कुत्री नको, दारात वेत होतं,’ असं म्हणतात. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, ६३ दिवसांच्या आसपास वितेही, हे खरं. पण एका शस्त्रक्रियेनं तो प्रश्न कायमचा मिटतो. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तुमच्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत जाऊन त्याचं काय झालं ते विचारा. हा तुमचा हक्क आहे.

पिल्लू मागायला आलेल्या माणसाला आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: दसऱ्यानंतर याचं काय? धारूर, केज, वडवणी, पाटोद्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांना पिल्लू देऊ नका, असा सल्ला आम्हाला शहरातले लोक देतात. मला तो सल्ला अजिबात पटत नाही. टोळीच्या ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळी, लेकरं आणि त्यांच्यात दडून बसलेलं कुत्रं मी पाहिलंय. फडावर आई-बाप कोयता चालवतात तेव्हा कोपीपाशी लेकरांजवळ तेच असतं. निघायच्या आधी रेबीजची लस तेवढी झालेली हवी. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की ती देता येते.

उलट हौसेनं आणलेली हस्की आमच्या दारात बांधून जातात. बर्फातल्या कामासाठी तयार झालेली ती जात, अंगावर दुहेरी केसांचा थर, आणि इथं मे महिन्यात पारा चाळिशीपार. गोचीड होतात, कातडी बिघडते, केस झडतात, मग मालकाची बदली होते. अशा कुत्र्याला दुसरं घर मिळवणं फार जड जातं, कारण औषधाचा खर्च महिनोन्‌महिने चालतो.

तेव्हा पाळायचंच असेल तर गावठी घ्या, आणि मादी मागा. लस आम्ही टोचून देतो, वय झालं की नसबंदीही करून देतो. फक्त आम्ही महिन्याभरानं घरी बघायला येऊ, तेव्हा दार उघडा. कुत्रं सावलीला आहे का, पाण्याचं भांडं भरलेलं आहे का आणि साखळी किती लांब आहे, एवढंच आम्ही बघतो.