साडेतीन मिनिटांची रुक्मिणी

[दृश्य: ग्रामोफोनला चावी देणारा हात]

आधी चावी द्यायची. मग पिन बदलायची. लोखंडी पिन प्लेटेची, म्हणजे तबकडीची, एक बाजू वाजवण्यातच झिजते, आणि झिजलेली पिन प्लेट खाते. मग थोडी खरखर, आणि त्या खरखरीतून वर येतात बालगंधर्व. ‘मम आत्मा गमला हा’. राग बिहाग.

हे रुक्मिणीचं पद. नाटक ‘स्वयंवर’, साल १९१६. शब्द काकासाहेब खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. रंगभूमीवर हे पद किती वेळ चालायचं, ते प्रेक्षकांवर होतं. वन्समोअर आला की पुन्हा, तोही नव्या अंगानं. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीला थिरकवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी. नाटक पहाटेपर्यंत गेलं तरी कुणाची तक्रार नसे.

आणि ही दहा इंची प्लेट. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं.

[दृश्य: जुन्या ध्वनिमुद्रण यंत्राचा भोंगा]

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. त्याआधी नाट्यगायकांना गावं लागे ते या भोंग्यात. पलीकडच्या टोकाला सुई, सुईखाली मऊ मेण. वरचा सूर लावताना तोंड मागे घ्यायचं, नाहीतर सुई उधळते. खर्जात पुढे सरकायचं. तबला जवळ ठेवला तर गाणं झाकोळतं, लांब ठेवला तर ऐकूच येत नाही. चुकलं तर सगळं पहिल्यापासून, नव्या मेणावर. मुद्रण कसं झालं ते तिथल्या तिथे ऐकण्याचीही सोय नाही, कारण मेण वाजवलं की त्याच्यावरच्या रेघा बिघडतात.

सुरुवातीला या प्लेटा दाबायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसाला लेबलावर काय छापायचं ते कळावं, म्हणून गाणारे शेवटी आपलं नाव सांगत. त्या काळची गायिका गौहर जान, तिचं ते इंग्रजीतलं ‘माय नेम इज गौहर जान’ पुष्कळांनी ऐकलंय. आपण त्याला ऐट समजत आलो. होती नुसती कारकुनी सोय!

[दृश्य: फिरणारी प्लेट, अगदी जवळून]

आता ही प्लेट नीट ऐका. सुरुवातीची संथ आलापी जवळजवळ नाहीच, मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, लगेच. ‘गमला’वर घोळायला जागा असते, तिथे एखादी मुरकी, सुरांची छोटीशी गिरकी, घेऊन ते पुढे जातात. थिएटरात याच जागेवर माणसं मान डोलवत बसली असणार. घड्याळ बघत गाणारा नट कसा दिसत असेल, हे मला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येत नाही. पण आवाजात घाई नाही. घाई आहे ती फक्त पदाच्या मापात.

कितीतरी गायक ही पदं या प्लेटांवरूनच शिकले. त्यामुळे मैफलीत वेळच वेळ असतानाही काहीजण प्लेटेतली तीच तान घेतात आणि प्लेट थांबते तिथेच थांबतात. मला ते खटकतं. काटछाट गरजेपोटी झाली होती, तिची परंपरा कशाला?

[दृश्य: पिन मधल्या कोऱ्या चरीत]

बाजू संपली. खट्… खट्… खट्…

प्लेट उलटायची. त्याआधी पिन मात्र बदला.